पळालेल्या गावातला फ्रेंच कंदील

दारात उजेड हवा असेल तर माणसाने दुकानात जावं, बल्ब घ्यावा, होल्डरमध्ये बसवावा आणि गप्प घरात बसावं. हे शहाणपण मला आता आलंय. गावातल्या ज्या लोकांना मी पूर्वी अडाणी समजत होतो त्यांच्याकडे ते जन्मापासून होतं, आणि ते मला आता रोज ऐकवतात. ऐकवतात म्हणजे तोंडाने काही बोलत नाहीत. माझ्या दारावरून जाताना मान वर करून ओसरीच्या छताकडे बघतात, गालात हसतात आणि पुढे जातात. बोलले असते तर मी उत्तर तरी दिलं असतं.

मी परशुराम. मुंबईत विम्याच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि गावी नारिंगखोलला येऊन खाडीच्या काठी नवं घर बांधलं. नारिंगखोल आचऱ्याच्या अलीकडे लागतं. बायको किशोरी माहेरची आचऱ्याची. ती शांत असली की शुद्ध मराठी बोलते आणि चिडली की मालवणी. गावी आल्यापासून तिची मालवणी फार सुधारली आहे.

आता मूळ दुखणं सांगतो. आमच्या घराण्याकडे देवाच्या पालखीपुढे दिवटी धरायचा मान आहे. दिवटी म्हणजे दांड्याला घट्ट पिळून बांधलेली कापडाची वात, वरून खोबरेल घालत जायचं. मान छोटा, पण दिवटी पुढे झाल्याशिवाय पालखी हलत नाही. तिची रीतही कडक. तिला काडी लावायची नाही. देवळातल्या समईवर पेटवायची, आणि वाटेत विझलीच तर ज्याच्या दारात विझली त्याच्या घरच्या दिव्यावर पुन्हा पेटवायची. माझ्या वडिलांनी ती धरली, मग काकांनी. काका गेले तेव्हा मी मुंबईत, म्हणून माझा चुलतभाऊ भिकाजी याने ती तात्पुरती हातात घेतली. आमच्या गावात तात्पुरती गोष्ट फार टिकते.

लहानपणी वडिलांच्या मागून मी त्या उजेडात चाललोय. कचेरीत कोणी मला ओळखत नव्हतं, चाळीत कोणी ओळखत नव्हतं, तेव्हा मी मनातल्या मनात म्हणायचो, माझी दिवटी गावाला आहे. त्यामुळे गावी आल्याबरोबर मी भिकाजीकडे गेलो. भिकाजी माझ्याहून वर्षाने लहान. तो मला दादा म्हणतो, आणि दादा म्हणूनच सगळे अपमान करतो.

"दादा, तुझीच आसा ती," तो म्हणाला. "देवाक इचारूया आणि घे."

देवाला विचारायचं म्हणजे गुरवाकडे जायचं. आमचा दत्तप्रसाद गुरव देवाला पाकळ्या चिकटवतो आणि कुठल्या बाजूची पडते ते बघून कौल घेतो. त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू गावाबरोबर कधी पळालंस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नोकरीमुळे जमलं नाही. "मगे ह्या वर्षी गावपळण आसा. एकदा गावाबरोबर पळ. परत इल्यार इचारूया."

गावपळण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन-चार वर्षांनी एकदा देव कौल देतो आणि अख्खं गाव घरं बंद करून वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. तीन दिवस गाव देवाचं आणि त्याच्याबरोबर जे काय हिंडत असेल त्याचं. परत यायचं ते देवाने पुन्हा कौल दिला की. आचऱ्याची गावपळण बघायला बाहेरून माणसं येतात. आमची तेवढी प्रसिद्ध नाही, पण नियम तेच. किंबहुना थोडे जास्तच कडक, कारण आम्हाला बघायला कोणी येत नाही.

म्हणजे मला करायचं एवढंच होतं की पावसाळा संपेपर्यंत थांबायचं, गावाबरोबर तीन दिवस पळायचं आणि परत येऊन दिवटी घ्यायची. एवढं सोपं काम माणसाला सुखाने बसू देत नाही. मला वाटलं, दिवटीकराच्या दारात ट्यूबलाइट शोभत नाही. आमची मुलगी संचिता पुण्याला असते. तिने ताबडतोब फोनवर शंभरेक फोटो पाठवले. सगळे जुने फ्रेंच कंदील. "बाबा, एन्ट्रन्सला कॅरेक्टर हवं," ती म्हणाली. मला वाटत होतं की एन्ट्रन्सला मी उभा असतो तेवढं कॅरेक्टर पुरे आहे, पण मुलीपुढे असं बोलवत नाही.

कुडाळला औद्योगिक वसाहतीच्या मागे एका शेडमध्ये जितेंद्र नावाचा तरुण जुने दिवे विकतो. मी आणि किशोरी गेलो. त्याने आम्हाला आधी कॉफी दिली, तेव्हाच मी उठून यायला हवं होतं.

"सर, तुम्हाला दिवा हवाय की अ‍ॅम्बियन्स?"

"दिवा," मी म्हणालो. त्याला जरा वाईट वाटलं.

त्याने तीन कंदील काढले. एक पितळेचा, घोडागाडीचा, एकाच बाजूला काच. गाडी दुसऱ्या बाजूला वळली की अंधार. दुसरा धुरकट काचेचा गोळा, पॅरिसमधल्या कुठल्याशा जिन्यातला. तो पेटवल्यावर जितेंद्रचा चेहरा असा दिसायला लागला की किशोरीने मला मागे ओढलं. तिसरा मात्र बघितला आणि मी कामातून गेलो. सहा बाजू, काळं लोखंड, डोक्यावर छोटा मुकुट, पिवळ्या आणि निळ्या काचा आलटून पालटून. "दक्षिण फ्रान्स," जितेंद्र हळू आवाजात म्हणाला. "समुद्राकाठची हवेली. शंभर वर्षं दारात लटकत होता." शंभर वर्षं दारात लटकणं म्हणजे काय ते आमच्या घराण्याला चांगलं समजतं. समुद्राकाठचा आहे म्हणजे आपल्यातलाच, असंही मला वाटून गेलं.

किशोरीने वाकून लोखंडावर नख फिरवलं. "गंज इलो आसा ह्येका."

"मॅडम, तो गंज नाही, पॅटिना आहे," जितेंद्र म्हणाला. "तो काढला की वस्तूची व्हॅल्यू जाते."

"मगे आमच्या आदाळ्याची व्हॅल्यू लय झाली असतली," किशोरी म्हणाली. आदाळो म्हणजे आमची विळी. मालवणी सुरू झालेली बघून मी घाईघाईने तिसऱ्या कंदिलावर हात ठेवला. किंमत इथे सांगत नाही. घरीही नीटशी सांगितलेली नाही.

कंदील घरी आला आणि पहिली गोष्ट लक्षात आली की तो उचलायला दोन माणसं लागतात. असलं वजन पेलणारी ओसरीत एकच जागा होती, झोपाळ्याची कडी. किशोरी तिन्हीसांजेला तुळशीपुढे पणती लावते आणि मग त्या झोपाळ्यावर बसून खाडीकडे बघते. एवढी एकच हौस तिने या घरात करून घेतली होती. मी म्हटलं, थोडे दिवस काढून ठेवू, दुसरी कडी बसवली की लावू. झोपाळा माळ्यावर गेला. ती पायरीवर बसायला लागली. बोलली काहीच नाही. मला ते बरं वाटलं, यावरून माझी अक्कल कळावी.

शेजारची काशीबाई सगळ्यात आधी आली. गावात ज्याला जे सुचतं ते काशीबाईला आधी सुचतं. कंदिलाखाली उभी राहून तिने सगळीकडून बघितलं. "बरो आसा रे पर्शा. घासलेट खंय घालूचा?"

"घासलेट नाही काशीबाई. विजेवर चालतो."

"मगे कंदील कित्याक?"

या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवसापासून शोधतोय. मग भिकाजी आला. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला. "बरो आसा, दादा. गोंयात शिमिटरेच्या दारार असता तसलोच." शिमिटर म्हणजे ख्रिस्ती लोकांची दफनभूमी. तो चहा पिऊन गेला, दोन कप.

कंदिलाच्या आतला होल्डर परदेशी. आपला बल्ब त्यात जाईना. मालवणहून निलेश वायरमनला बोलावलं. निलेशचा नेम असा की येतो म्हटलं की यायचं नाही, आणि आपण जेवायला बसलो की हजर. त्याने जुना होल्डर काढला, नवा घातला, बटण दाबलं. कंदील पेटला नाही, पण काशीबाईचा फ्रिज बंद पडला. त्यात तिने लेकासाठी ठेवलेले बांगडे होते. ते बांगडे त्यानंतर आमच्या प्रत्येक बोलण्यात आले. अजून येतात. दुसऱ्या खेपेला कंदील पेटला. खरं सांगतो, अंगणात पिवळे-निळे पट्टे पडले, माडांचे बुंधे उजळले, आणि मी घटकाभर सगळं विसरलो. इतका सुंदर उजेड नारिंगखोलात कोणाच्या दारात पडला नव्हता.

चारच दिवसांत ग्रामपंचायतीतून बोलावणं आलं. तक्रार कोणी केली ते सांगणार नाही म्हणाले, पण भाऊसाहेबांच्या टेबलावर भिकाजीची पानाची डबी विसरलेली होती. भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक, घाटावरचे. कचेरीत गेल्यावर आम्ही सगळेच शुद्ध बोलायला लागतो. भांडायला ते सोयीचं पडतं.

"आपला दिवा खाजगी आहे," भाऊसाहेब म्हणाले, "परंतु उजेड सार्वजनिक रस्त्यावर पडतो."

"उजेडाने कोणाचं काय बिघडतं?"

"बिघडण्याचा प्रश्न नाही. प्रश्न उजेड कोणाचा हा आहे. एक तर तो आपल्या हद्दीत ठेवा, नाहीतर दिवा पंचायतीकडे वर्ग करा. पथदिवा म्हणून त्याची नोंद होईल. लावण्या-विझवण्याचं काम आमचा शिपाई करील."

"माझ्या दारातला दिवा तुमचा शिपाई विझवणार?" मी उभा राहिलो. माणसाने आयुष्यात काही प्रसंगी बसून राहावं, हे कळायला मला उशीर लागतो. तरातरा घरी आलो आणि रस्त्याच्या बाजूने कंदिलाला पत्र्याचा आडोसा लावून टाकला. उजेड माझ्या हद्दीत. घ्या.

पत्र्याने एक केलं. रस्त्यावर पडणारा उजेडही परतवून खाडीत टाकला. त्याच आठवड्यात गुरुदासची होडी माझ्या कुंपणाखाली गाळात येऊन बसली. गुरुदास खाडीतून समुद्रात मासेमारीला जातो. शांत स्वभावाचा, पण तो आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. "काका, जेटीचो दिवो समजान होडी वळवलंय मी. आता भरती येयसर हयच बसतलंय." आणि खरोखर भरती येईपर्यंत तो आमच्या ओसरीत बसला. त्याच्या पायाचा चिखल किशोरीने काढला. मी कंदील बंद करून टाकला.

तर दुसऱ्या दिवशी आणखी एक होडी रुतली. कारण एव्हाना बाकीच्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं की पिवळा-निळा दिवा दिसला की होडी डावीकडे काढायची, म्हणजे बरोबर जेटीला लागते. दिवा दिसला नाही, त्यांनी काढली नाही. आता सगळेच होडीवाले माझ्या अंगणात उभे. त्यांच्या वतीने गुरुदास बोलला, "काका, एक तर रोज लाव, नायतर कधीच लावू नको."

मी म्हणालो, रोज लावीन. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांच्यातला एकजण जाता जाता दुसऱ्याला म्हणाला, "पर्शाचो दिवो आसा म्हणान बरा." गावात माझं नाव चांगल्या अर्थाने घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. देवाच्या पालखीपुढे नाही तर नाही, होड्यांपुढे तरी आपण उजेड धरतोय, असं काहीतरी माझ्या मनात आलं आणि मी दोन दिवस ताठ चाललो.

मग पुन्हा निलेश. त्याने कंदिलात एक डोळा बसवला. दिवस मावळला की दिवा आपोआप पेटणार, उजाडलं की विझणार. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून वर मुकुटाच्या आत बॅटरीही बसवली. "आता लाइट जावं दे नायतर ऱ्हवं दे, तुमका बघूक नको," तो म्हणाला. निलेशने आयुष्यात बसवलेली ही एकच वस्तू नीट चालली. माझ्या नशिबाने तिने बरोबर वेळ साधली.

मार्गशीर्षात गावपळण लागली. देवळात नगारा वाजला आणि गाव निघालं. गुरांच्या गळ्यातल्या घंटा, कोंबड्यांच्या डालग्या, काशीबाईच्या डोक्यावर सगळ्यात मोठं बोचकं. किशोरी अंगणात थांबून म्हणाली, "तो तुमचा बंद केलात?"

"मेन स्विच बंद केलाय. शिवाय फ्यूज काढून घेतलाय," मी खिशातून फ्यूज काढून तिला दाखवला. इतकी काळजी घेणारा माणूस त्या दिवशी गावात दुसरा नव्हता. साकव ओलांडून आम्ही खाडीपलीकडे गेलो. तिथे माळावर झावळ्यांच्या खोपी उभ्या राहत होत्या. मी स्वतः खड्डे खणले, खांब रोवले, दुसऱ्यांची भांडी वाहिली. हातांना फोड आले. गुरव हिंडत हिंडत माझ्या खोपीशी आला. "बरा केलंस, पर्शा. परत गेल्यार इचारूया देवाक."

आणि भिकाजी, भिकाजी येऊन माझ्याजवळ बसला. त्याने कुठूनसं जुनं धोतर आणलं होतं. ते फाडून दिवटीची वात कशी पिळतात ते त्याने मला दाखवलं. "पीळ घट्ट होयो, दादा. नायतर वाऱ्यार विझता." त्याच्या हाताला अजून खोबरेलाचा वास होता. माझ्या वडिलांच्या हाताला यायचा तोच. मी चार वेळा पीळ घातला, चारही वेळा त्याने सोडून पुन्हा घालायला लावला. पाचव्यांदा काही बोलला नाही. त्या संध्याकाळी मी सुखी होतो, हे नमूद करून ठेवतो. पुन्हा लिहायची वेळ येणार नाही.

तिन्हीसांज झाली. जेवणं व्हायची होती. सगळं गाव माळावर बसून पलीकडे बघत होतं. आमचीच घरं, आमचेच माड, आणि एकही दिवा नाही. अंधार हळूहळू खाडीवर उतरला, आणि पलीकडच्या त्या काळोखात, बरोबर मधोमध, पिवळा-निळा दिवा लागला.

कोणाचं तरी मूल रडायला लागलं. काशीबाईने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, सांभाळ रे बाबा."

मग गुरुदासचा आवाज आला. "भूत नाय ता. पर्शाकाकाचो फ्रेंच आसा तो."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. मी खिशातून फ्यूज काढून वर धरला. "पण फ्यूज माझ्याकडे आहे," मी म्हणालो, आणि ते नेमकं शुद्ध मराठीत निघालं.

"बॅटरी," किशोरी हळूच म्हणाली.

मी साकवाकडे धावलो. गुरवाने माझा दंड धरला. "खंय चललंस?"

"विझवून येतो. आत्ता येतो."

"कौल मिळाल्याबिगर वेशीच्या आत पाय घालूचो नाय."

गुरुदास म्हणाला, होडीतून जवळ जाऊन दगड मारतो, नेम चांगला आहे. गुरव म्हणाला, खाडीचं अर्धं पाणी गावाचंच. तेव्हा तेही राहिलं. शेजारच्या खोपीत भाऊसाहेब बसले होते. पंचायतीचे सगळे पथदिवे त्यांच्या शिपायाने दुपारीच बंद केले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "वर्ग केला असता तर."

माझा दिवा पहाटेपर्यंत जळला. पुढच्या दोन्ही संध्याकाळीही जळला. दुसऱ्या दिवशी लोक आधीच जागा धरून बसले. पोरं ओरडली, "पेटलो." शेजारच्या गावांतून माणसं बघायला आली. आमची गावपळण बघायला शेवटी बाहेरून लोक आले ते माझ्यामुळे, पण त्याबद्दल कोणी आभार मानले नाहीत. संचिताचा फोन आला. कोणीतरी काढलेला फोटो तिच्यापर्यंत पोचला होता. सगळा काळोख आणि एक कंदील. "बाबा, काय दिसतोय आपला लॅम्प," ती म्हणाली. जितेंद्रचाही आला. त्याला तो फोटो दुकानात लावायचा होता. मी फोन ठेवून दिला.

पण सगळ्यात जास्त छळलं ते भिकाजीने. तो खोपीखोपीत जाऊन माझी बाजू मांडत होता. "असांदे. दादाची चूक नाय. चाकरमान्यांका ह्या म्हायत नसता." मुंबईच्या नोकरीवाल्याला आमच्याकडे चाकरमानी म्हणतात. गणपतीला येतो, फोटो काढतो, शहाळी पितो आणि जातो, तो चाकरमानी. जितक्या खोपींत भिकाजी गेला तितक्या खोपींत मी पुन्हा मुंबईला पोचलो. त्याला खरंच माझी दया येत होती की काय, हे मला अजून कळलेलं नाही. दया असेल तर ते जास्त वाईट.

देवाने कौल दिला, नगारा वाजला, गाव परत आलं. मी आंघोळ करून धूतवस्त्र नेसून देवळात गेलो. गुरवाने देवाला पुष्कळ गोष्टी विचारल्या. पाऊस, मासळी, कोणाच्या म्हशीचं दुखणं. मी खांबाशी उभा होतो. पाकळ्या पडत होत्या, उजव्या, डाव्या. माझा प्रश्न येईल येईल म्हणत राहिलो. मग गुरव उठला आणि समईत तेल घालायला गेला.

"माझं विचारायचं राहिलं," मी म्हणालो.

"पुढच्या गावपळणीक बघूया," तो म्हणाला. रागावला नव्हता. देवाने नाही म्हटलं असतं तर मी देवाशी भांडलो असतो. माझ्याबद्दल विचारायची गरजच कोणाला वाटली नाही. घरी आलो, शिडी लावली, कंदील काढायला चढलो, तर कुंपणाशी होडीवाले उभे. "काका, रोज लावतंय म्हणान शबूद दिलंस." मी शिडी उतरलो.

शिमग्याला पालखी घरोघर येते. आमच्याकडे आली तेव्हा दिवस मावळत होता. ढोल, अबीर, पोरांचा दंगा, आणि सगळ्यांच्या पुढे भिकाजी, खांद्यावर उपरणं, हातात दिवटी. पालखी अंगणात टेकली. त्याच क्षणी माझा कंदील आपोआप पेटला. दोन-चार जण हसले. किशोरीने नारळ ठेवला, ओटी भरली. मी नमस्कार केला. पालखी उचलायची वेळ आली, आणि खाडीवरून वाऱ्याची एकच झुळूक आली. दिवटी विझली.

ढोल थांबले. भिकाजीने वात बघितली. पीळ सैल पडला होता. मला माझी पाचवी वात आठवली आणि मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

आता रीत सगळ्यांना ठाऊक होती. ज्याच्या दारात विझली त्याच्या घरच्या दिव्यावर पेटवायची. सगळ्या माणसांनी मान वर केली. सहा बाजू, पिवळ्या-निळ्या काचा, लख्ख उजेड. भिकाजीनेही सवयीने दिवटी कंदिलाकडे उचलली, काचेपर्यंत नेली, आणि तिथेच थांबला. ती धुरकट वात त्या सुंदर काचेला टेकलेली होती आणि काही होत नव्हतं.

"त्येका आग नाय रे," काशीबाई म्हणाली.

माझ्या घराण्याच्या दारात देवाची पालखी अडली होती आणि माझ्याकडे वात पेटवण्यापुरती आग नव्हती. जमिनीत गेलो असतो तर बरं झालं असतं. तेवढ्यात किशोरी तुळशीकडे गेली आणि तिने नुकतीच लावलेली पणती दोन्ही हातांच्या आडोशात धरून घेऊन आली.

"हाडा वयनी," भिकाजी म्हणाला आणि वाकला. वात फुरफुरली, पेटली.

"घराचो मान ऱ्हवलो," गुरव म्हणाला. तो हे किशोरीला म्हणाला. ढोल वाजले, पालखी उठली. किशोरीने पणती तुळशीपुढे परत ठेवली, पदर खोचला आणि बायकांबरोबर पालखीमागून निघाली. फाटकाशी तिने वळून विचारलं, "येताय मां?"

"तुम्ही व्हा पुढे. दिवा बंद करून येतो."

"तो बंद होता खंय?" ती म्हणाली आणि गेली.

मी ओसरीत उभा राहिलो. झोपाळा असता तर बसलो असतो. दिवटीचा उजेड आंब्याच्या वळणापर्यंत दिसला, मग दिसेना. ढोल मात्र बराच वेळ ऐकू येत होते. खाडीतून कुठल्यातरी परगावची होडी आत येत होती. माझा कंदील बघून तीही डावीकडे वळली आणि बरोबर जेटीच्या वाटेला लागली. होडीतल्या माणसाला मी उजेडात स्पष्ट दिसलो असणार. त्याने हात वर केला. माझे दोन्ही हात मोकळे होते, पण मी केला नाही.